पाच नंबरचा डबा

१

सोमवारी दुपारी बाराच्या सुमारास वडगाव रासाईच्या वाचनालयात आण्णांची वाचा दुसऱ्यांदा गेली.

पहिल्यांदा गेली ती गेल्या दिवाळीत, अर्धांगवायूनं. उजवी बाजू बधिर, जीभ लाकडासारखी. डोकं मात्र शाबूत, आणि डावा हात. आण्णा म्हणजे धनगरवस्तीवरचे निवृत्त मास्तर. वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली, यांनी पोरं राखली. निवृत्तीनंतर सहा वर्षं ते रोज वाचनालयात यायचे आणि पाच नंबरच्या जुनाट कम्प्युटरवर एका बोटानं मेंढपाळांच्या बोलीतले शब्द टाइप करायचे. अकराशे चाळीस शब्द झाले, प्रत्येकापुढं अर्थ.

जीभ गेली, डाव्या हातानं नवं टाइप करणंही जमेना, तेव्हा त्याच यादीनं त्यांना बोलतं ठेवलं. तहान लागली की डाव्या हातानं यादी सरकवत 'मेंढरं पाण्यावर नेणे' इथं यायचं आणि पडद्यावर बोट ठेवायचं. पाय दुखला की खुरांच्या रोगावर. सुनेनं वाचनालयात चहा आणायला उशीर केला की 'कळपामागं रेंगाळणारी मेंढी' यावर. मेंढीचे शब्द, पण माणसाचं काम भागत होतं.

त्या सोमवारी मुलगा शंभूनं त्यांना नेहमीसारखं खुर्चीत बसवलं. पडद्यावर यादी नव्हती. जुनं विंडोज नव्हतं. निळसर कोरा पडदा होता आणि त्यावर नवं कोरं लिनक्स. अकराशे चाळीसांपैकी एकही शब्द नाही. आण्णांनी डावा हात माउसवर ठेवला तो तासभर हलवला नाही.

आणि त्या वाचनालयात जुन्या कम्प्युटरवर लिनक्स टाकत होती एकच व्यक्ती. माझी भाची, दीक्षा.

२

"मामा, जय भीम. तुम्ही या. मी पाचला हातसुद्धा लावलेला नाही."

मंगळवारी फोनवर ती एवढंच बोलली. रडली नाही. आमच्या घरात सध्या कुणी रडत नाही. माझी बायको करुणा फेब्रुवारीत गेली. तिचा मोबाईल मी अजून रोज चार्ज करतो. का करतो, याची कुठं नोंद नाही.

मी महेंद्र. दौंडच्या रेल्वे स्टोअरमध्ये चौतीस वर्षं वस्तूंच्या नोंदी ठेवल्या. नट, बोल्ट, कंदील, खुर्च्या. एवढ्या वर्षांत एक कळलं, की वस्तू खोटं बोलत नाही, तिच्यावर चिकटवलेली चिठ्ठी बोलते. माणसांचीही मी दोन पानं ठेवतो. एकावर ते विचारल्यावर काय सांगतात, दुसऱ्यावर न विचारता काय सांगतात. दुसरं पान लवकर भरतं.

बुधवारी सकाळी आठ वाजता भीमेचा पूल ओलांडून पोचलो. एका लांब टेबलावर सात कम्प्युटर ओळीत, सहाव्याची जागा रिकामी. सगळे एकाच कंपनीतून एकाच दिवशी देणगीत आलेले, सगळ्यांचे डबे सारखेच मळकट पांढरे. प्रत्येकाच्या बाजूच्या झाकणावर लाल ऑइलपेंटनं ठसठशीत नंबर रंगवलेला, सरकारी बैलाला डागावा तसा. पाच नंबरवर एक कागद चिकटवला होता: 'आण्णांचा. हात लावू नये. दीक्षा.'

"सांग," मी म्हणालो.

"वीस-बावीस वर्षांचे आहेत, मामा. आत्ताचं विंडोज यांच्यावर चालतच नाही. त्याच्याऐवजी फुकट मिळणाऱ्या लिनक्सच्या काही जाती हलक्या असतात, थोड्या मेमरीत भागवतात. यातल्या सहा डब्यांत मेमरी दोनशे छप्पन्न एमबी. तुमच्या फोनमध्ये याच्या कितीतरी पट असते."

"माझ्या मेमरीवर बोलू नकोस. पुढं."

"सहा मशीनवर आठवड्यात टाकून झालं. एक ते चार, सात आणि आठ. सहा नंबरमध्ये एकशे अठ्ठावीसच होती. सीडी घातली की अर्ध्यात लटकायचं. म्हणून शनिवारी म्हटलं, हा भंगारात द्या. पाच नंबर आण्णांचा. शंभूदादांनी त्यात मेमरी वाढवून घेतली होती, पाचशे बारा. सगळ्यात दणकट तो. पण लिनक्स टाकताना आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून त्यावर टाकायचंच नव्हतं."

"यादीची दुसरी प्रत?"

ती खाली बघायला लागली. "पाचला पेन ड्राइव्ह लागत नाही. डिस्क बाहेर काढून लॅपटॉपला जोडायची वायर लागते. ती आणली होती. सोमवारी काढणार होते प्रत. वायर अजून पिशवीतच आहे."

आम्हाला दार उघडून देऊन फुलं आणायला गेलेले ज्योतिबा एवढ्यात आत आले. वाचनालयाचे कारकून, ग्रंथपाल आणि शिपाई, तिन्ही एकाच पगारात. बावन्न वर्षांचे, शर्टाच्या खिशाला तीन पेनं. त्यांनी मेनचं बटण वर केलं, बाबासाहेबांच्या आणि अहिल्यादेवींच्या फोटोंना फुलं वाहिली, उदबत्ती लावली आणि रजिस्टर उघडून बसले.

दीक्षा माझ्या कानाशी म्हणाली, "मामा, हे रोज आधी सगळ्या कम्प्युटरची बटणं दाबतात. ओळीनं. 'गरम होऊ द्या बिचाऱ्यांना' म्हणतात. मग फुलं."

"आणि आज?"

"सोमवारनंतर एकदाही नाही दाबली."

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. न विचारताच म्हणाले, "रविवारी मी वढूला गेलतो. समाधीच्या दर्शनाला."

मी रविवारचं नावही काढलं नव्हतं.

३

शंभूला भेटायला त्याच्या रानात गेलो. उसाला पाणी चालू होतं.

"रामराम पाहुणं. तुमची भाची हाय व्हय ती?"

"हो."

"मग तुम्ही तिचीच बाजू घेणार. मी सांगतो सरळ. सीडी तिच्याकडं, अक्कल तिच्याकडं, आन् गेलं आमचं. दुसऱ्या कुणाला येतंय ते?"

"तुला येतं?"

"मला मोटर चालू करता येती." तो हसला नाही. "आण्णांला वाचनालयात न्यायचं, आणायचं, रोज दोन हेलपाटे. मी वैतागायचो. बोलायचो बी. सगळ्या गावानं ऐकलंय. तवा तुम्ही माझ्यावर बी संशय घ्या, माझी हरकत न्हाई."

"घेतो. किल्ली तुझ्याकडं होती म्हणे."

"ज्योतिबा भाऊंला सोमवारी सकाळी शिरूरला मीटिंग होती. म्हणून रविवारी दिवस बुडायच्या टायमाला माझ्याकडं किल्ली देऊन गेले. सोमवारी सकाळी मी दीक्षाला दिली. मधी रात्रभर किल्ली खुंटीला."

"रात्री वाचनालयात गेला नाहीस?"

त्यानं माझ्याकडं, शहरातनं आलेल्या माणसाकडं बघतात तसं पाहिलं. "पाहुणं, मागल्या महिन्यात बिबट्यानं वाचनालयाच्या मागनं कालवड उचलली. अंधार पडला की हितं कोण मुतायला बी एकटं जात न्हाई. तुम्ही कम्प्युटरचं काय घिऊन बसलाय?"

घरी पूनम होती, शंभूची बायको. चहा करता करता ती बोलत राहिली.

"मामा, माझं काय नुकसान नाही बघा. उलट बरं. वाचनालयात चहा-जेवण घेऊन गेले की मला रोज त्या मेंढीवर बोट दाखवायचे. उशीर झाला की मेंढी, मीठ कमी पडलं की दुसरी मेंढी. सबंध कळप माझ्यात बघितला त्यांनी." तिनं कप माझ्यापुढं ठेवला. "आता काहीच दाखवत नाहीत. काल पाणी प्यायला दिलं तर ग्लास तसाच हातात. तहान होती का नव्हती, मला कळलं नाही. चार तास."

आत कॉटवर आण्णा भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी नमस्कार केला. डोळे माझ्यावरून सरकले आणि पुन्हा भिंतीवर गेले. असे डोळे मी ओळखतो. सकाळी दाढी करताना आरशात दिसतात.

निघताना पूनम दारापर्यंत आली. "एक विचारू? दीक्षा म्हणाली होती, लिनक्स टाकलं की जुना कम्प्युटर पळायला लागतो. मी सोमवारी बघितलं, आण्णांचा तर रांगत होता. एक खिडकी उघडायला पोळी भाजून होईल इतका वेळ. आधी बरा पळायचा की."

तेव्हा मी मान हलवली आणि चालू लागलो. पूनमच्या बोलण्याची किंमत मला दीड तासानं कळली.

४

वाचनालयात परत येऊन दीक्षाला म्हणालो, "लिनक्स टाकताना ते यंत्र काही नोंद ठेवतं का?"

"ठेवतं ना. कधी सुरू झालं, काय सापडलं, कधी संपलं. पण तारीख उपयोगाची नाही, मामा. यांचे आतले बटण सेल मेलेत. रोज संध्याकाळी ज्योतिबा भाऊ आगीच्या भीतीनं मेन बंद करतात, आणि ही घड्याळं सगळं विसरतात. दुसऱ्या दिवशी सुरू केलं की एक जानेवारी दोन हजार दोन, बारा वाजून शून्य मिनिटं. रोज तीच तारीख."

"वार चुकीचा सांगेल. किती वेळ लागला ते तर बरोबर सांगेल?"

ती पाच नंबरसमोर बसली. स्वतःची रोजनिशी प्रामाणिकपणे लिहिणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, पण त्या यंत्रानं लिहिली होती. सुरुवात बारा वाजून चार मिनिटं. शेवट चार वाजून बावन्न मिनिटं.

"म्हणजे मशीन चालू केल्याबरोबर चार मिनिटांत काम सुरू," मी म्हणालो. "आणि पुढं पावणेपाच तासांहून जास्त, मध्ये वीज न जाता. आता मला वार सांग. सोमवारी तू कधी आलीस?"

"अकराच्या एसटीनं. मेन मीच चालू केला. साडेअकराला भंगारवाले मल्हारीभाऊ सहा नंबर घेऊन गेले. बाराला आण्णा आले."

"एका तासात पावणेपाच तासांचं काम होत नाही. शनिवारी?"

"शनिवारी आण्णा पाचवरच होते. पाच वाजेपर्यंत. मग मेन बंद."

"शनिवार गेला, सोमवार गेला. मध्ये काय उरतं?"

"रविवार," ती म्हणाली. "पण रविवारी सुट्टी असते. किल्ली तर..."

टेबलाच्या त्या टोकाला पेन पडल्याचा आवाज झाला.

रविवारी दिवस मावळेपर्यंत किल्ली कुणाकडं होती, हे शंभूनं सांगितलंच होतं. मावळल्यानंतर त्या वाटेनं कुणी फिरकत नाही, हेही. मी ज्योतिबांसमोर खुर्ची ओढून बसलो.

"वढूला गर्दी होती का रविवारी?"

त्यांनी रजिस्टर मिटलं. मग अगदी सपाट आवाजात, हजेरी दिल्यासारखं बोलले.

"म्या गेलोच न्हाई. म्याच मारलं आण्णांला."

५

"सव्वीस वर्षं झाली मला हितं," ज्योतिबा सांगत होते. "या रजिस्टरातली एक वस्तू म्या आजवर खोडली न्हाई. खुर्चीचा पाय मोडला तर पाय बसवला. आन् ही पोरगी शनिवारी सहज म्हणाली, सहा नंबर भंगारात द्या. मला काय वाटलं, ते जाऊ द्या. पण आधी तिनंच शिकवताना सांगितलं होतं. म्या लिहून घेतलंय, हे बघा."

रजिस्टरच्या शेवटच्या पानावर सुबक अक्षरात होतं: 'मेमरी कमी असल्यास त्या डब्यातली डिस्क काढून जास्त मेमरीच्या डब्यात बसवावी. तिथे लिनक्स टाकून घ्यावे. मग डिस्क परत मूळ डब्यात बसवावी.'

"बरोबर लिहिलंय," दीक्षा म्हणाली.

"जास्त मेमरी पाच नंबरात. म्हणून रविवारी दोन्ही डबे मधल्या टेबलावर घेतले. दोन्हीची झाकणं काढली. आण्णांची डिस्क काढून बाजूला ठेवली, सहाची तिथं बसवली. सीडी तुमच्याच कपाटातली, बाई. चार मिनिटांत चालू केलं. म्हटलं, मंगळवारी दाखवू समद्यांना, ज्योतिबाला बी येतंय. भंगारवाला सोमवारीच येतोय, हे मला ठावं न्हवतं. चांगलं पाच तास बसलो. संपल्यावर ज्याची डिस्क त्याला बसवली, झाकणं लावली, नंबरापरमाणं जागेवर ठेवले. दिवस बुडायला आला होता, पुन्हा चालू करून बघायला बी थांबलो न्हाई." त्यांनी पेन टोपण घालून खिशात ठेवलं. "सोमवारी संध्याकाळी शिरूरवरनं आलो तर हे. दोन्ही डिस्का दिसायला सारख्याच होत्या, पाहुणं. म्या आण्णांच्याच डिस्कवर फिरवलं. त्यांचं त्वांड म्या माझ्या हातानं पुसलं."

"आणि दोन दिवस माझ्याकडं बघत बसलात," दीक्षा म्हणाली. आवाजात राग नव्हता. कशातच काही उरलेलं नसतं तसा आवाज होता.

"बघत न्हवतो, बाई. तुमच्याकडं बघता येत न्हवतं."

माझ्या दृष्टीनं प्रकरण इथं संपायला हवं होतं. गुन्हा कबूल, वस्तू नष्ट, शेरा मारून रजिस्टर बंद. आम्ही तिघं बसून होतो. पाच नंबरवर दीक्षानं मघाशी उघडायला सांगितलेली एक खिडकी आत्ता कुठं उघडत होती. पोळी भाजून होईल इतका वेळ.

मी सरळ बसलो.

"दीक्षा, रोजनिशीत मेमरी लिहिलेली असते?"

"असते. इथं. पाचशे बारा."

"ती टाकताना. आत्ता, या क्षणाला, या डब्यात किती आहे ते विचार."

तिनं काहीतरी टाइप केलं. आकडा आला. तिनं पुन्हा टाइप केलं. पुन्हा तोच आकडा आला.

"एकशे अठ्ठावीस," ती म्हणाली. "मामा, हे कसं? पाचमध्ये पाचशे बारा होती."

"ज्योतिबा भाऊ, तुम्ही मेमरीच्या पट्ट्यांना हात लावला?"

"न्हाई. निस्त्या डिस्का."

"पाटी पुसली तर कोरी होते. लहान होत नाही." मी उठलो. "पुसल्यानं मेमरी कमी होत नाही. हा डबा कोरा नाही झालेला. हा डबाच वेगळा आहे."

मी पाच नंबरचं झाकण काढलं आणि भिंतीला टेकवलं. लाल पाच तिथं भिंतीपाशी गेला. टेबलावर उरला तो बिननंबराचा, कुणाचाही असू शकेल असा सांगाडा.

"दोन्ही झाकणं काढून कुठं ठेवली होती, भाऊ?"

ज्योतिबांचा हात आपोआप भिंतीकडं गेला. "हितंच. शेजारी शेजारी..."

"डिस्का तुम्ही बरोबर बसवल्या. ज्याची त्याला. चुकली ती झाकणं. नंबर रंगवले डब्यांवर नाहीत, झाकणांवर. सहाच्या सांगाड्याला पाचचं झाकण लागलं आणि तो आण्णांच्या जागेवर बसला, नवं लिनक्स घेऊन, सहाच्या मेमरीत रांगत. आणि आण्णांचा डबा, आण्णांच्या डिस्कसकट, एक शब्दही न पुसलेला, सहा नंबरचं झाकण घालून..."

दीक्षा उभी राहिली. तिनं वायरची पिशवी उचलली.

"मी दिला," ती म्हणाली. "मल्हारीभाऊंना. सोमवारी. भंगाराच्या पावतीवर सही करून."

६

मल्हारी भंगारवाल्याचं दुकान दौंडला, गोपाळवाडी रस्त्याला. माझ्या घरापासून चालत सात मिनिटं. सोमवारपासून आण्णांचे अकराशे चाळीस शब्द माझ्या शेजारी झोपत होते आणि मी त्यांना शोधायला नदीपलीकडं गेलो होतो.

फोन केला तर उचलेना. माझ्या मोटरसायकलवर दीक्षा मागं बसली. ज्योतिबांनी वाचनालयाला कुलूप लावलं आणि शंभूला सांगायला गेले. ते मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. ते स्वतःहून गेले, ही नोंद मी त्यांच्या नावावर ठळक करून ठेवली.

साडेचारला पोचलो. मल्हारी पंख्याखाली बसून वायरी सोलत होता.

"मल्हारीभाऊ, सोमवारचा वडगाव रासाईचा डबा?"

"कोनचा? धा गावचे धा डबे हायत."

"सहा नंबर. लाल रंगानं."

त्यानं अंगठ्यानं मागं दाखवलं. पत्र्याच्या ढिगावर लाल सहा उताणा पडलेला होता. नुसतं झाकण. आम्ही पुढं गेलो. खाली सांगाडा, आतली हिरवी सर्किटची पट्टी उपटलेली, मेमरी नाही, डिस्क नाही.

दीक्षानं त्या पोकळीत हात घालून चाचपलं.

"डिस्का कुठं टाकता?" मी विचारलं.

"त्या गोणीत. आमचा नियम हाय, डिस्क कुनाला इकायची न्हाई, फोडायची. लोकांचं खाजगी आसतंय आत. उद्या गुरुवार, लाईट नसती, मशिनचं काम न्हाई. गुरुवारी आमी हातोडा घेतो." तो माझ्याकडं बघून हसला. "तुमी शुक्रवारी आला आसता तर डोक्याला हात लावला आसता."

गोणीत एकोणीस डिस्का होत्या. सगळ्या सारख्याच, चपट्या, जड, बंद पेटीसारख्या. दीक्षानं जमिनीवर पोतं अंथरलं, लॅपटॉप उघडला, पिशवीतली वायर काढली. सोमवारी एका माणसासाठी आणलेली वायर. एक डिस्क जोडायची, कान लावून फिरतेय का ऐकायचं, आत काय आहे बघायचं, बाजूला ठेवायची.

पहिलीत कुणाच्या तरी लग्नाचे फोटो. दुसरी फिरेना. तिसरीत एका पतसंस्थेची पत्रं. मल्हारीनं वायरी सोलणं थांबवलं आणि येऊन उकिडवा बसला. सातवीत नुसती गाणी. नववी, दहावी कोऱ्या.

"पोरी, हाय तरी काय त्यात?" त्यानं विचारलं.

"एका माणसाचं बोलणं," ती म्हणाली.

अकरावीपासून डिस्का तो स्वतः गोणीतनं काढून, शर्टाला पुसून, तिच्या हातात द्यायला लागला.

चौदावी जोडली. थोडा वेळ काहीच नाही. मग एक फोल्डर आलं, त्यात एकच फाइल, नाव 'आण्णा'. उघडली तर अक्षरांच्या जागी भलत्याच खुणा. जुना फॉन्ट होता. दीक्षानं तो त्याच डिस्कमधून शोधून काढला, लावला, आणि खुणांची अक्षरं झाली. 'वाघर: मेंढरं कोंडायची जाळी.'

ती शेवटपर्यंत सरकवत गेली. अकराशे चाळीस.

मल्हारीनंच नाक शिंकरलं आणि वर 'धूळ लई हाय' म्हणाला.

७

शुक्रवारी सकाळी वाचनालयात आण्णांना आणलं. दीक्षानं यादीच्या तीन प्रती केल्या होत्या. एक लिनक्सवर, पाचच्या जागी ठेवलेल्या डब्यात, मल्हारीकडून परत आणलेली मेमरी घालून. एक स्वतःकडं. एक माझ्याकडं, माझ्या घरी, करुणाच्या मोबाईलमध्ये. त्या फोनचं रोज काय करतो, याची आता निदान नोंद ठेवता येईल.

आण्णा खुर्चीत बसले. पूनमनं त्यांचा डावा हात उचलून माउसवर ठेवला. पडद्यावर यादी आली. ते हलले नाहीत. आम्ही सगळे उभे. मग हळूहळू यादी वर सरकायला लागली. एक पान. दुसरं. मध्ये थांबली. बोट पडद्यावर गेलं.

पूनमनं वाकून वाचलं. "'मेंढरं पाण्यावर नेणे.' अगं बाई, पाणी, पाणी द्या!"

तांब्या घेऊन शंभूच पळाला. आण्णा सगळं पाणी प्यायले.

ज्योतिबा दारात उभे होते, चपला न काढता, आत यायचं की नाही ते न ठरवता. शंभूला सगळं कळलं होतं, आणि त्याच्याकडून आण्णांनाही. बुधवारपासून तो त्यांच्याशी बोलला नव्हता. दीक्षाही कामापुरतंच बोलत होती. मी मध्ये पडलो नाही. तपास करणाऱ्याचं काम शोधण्यापुरतं असतं, पुढचा शेरा मारायचा अधिकार त्याला नसतो.

आण्णांनी मान वळवून दाराकडं पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडं. यादी भराभर सरकायला लागली, आठशे, नऊशे, पुढं गेली, परत मागं आली. बोट टेकलं. डोळे दाराकडं.

"भाऊ, तुम्हाला बोलावतायत," दीक्षा म्हणाली.

ज्योतिबा चपला काढून आले. खिशातली तीन पेनं सावरत वाकले आणि मोठ्यानं वाचायला लागले, शाळेत वाचतात तसं.

"'चुकार: कळप सोडून भलतीकडं गेलेली मेंढी. परत आल्यावर तिला मारू नये. कान चाचपून...'" त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. "'कान चाचपून आपलीच आहे ना एवढं बघावं, आणि आत घ्यावी.'"

आण्णांचा डावा हात माउसवरून उठला. मध्ये एकदा वाट चुकून तो ज्योतिबांच्या कानापर्यंत गेला. कानाची पाळी दोन बोटांत धरली. वरून खाली, खालून वर, जाणत्या मेंढक्यासारखी चाचपली. मग सोडली.

"माझा मेलीचा कधी कान चाचपला नाही," पूनम म्हणाली. "नुसतं बोट दाखवत आले."

शंभू हसला. त्या आठवड्यातलं त्या गावातलं मी ऐकलेलं ते पहिलं हसू. ज्योतिबा हसले नाहीत. ते सरळ ओळीच्या सुरुवातीला गेले आणि एक, दोन, तीन करत सगळ्या डब्यांची बटणं दाबत गेले.

दुपारी मी निघालो तेव्हा ते ऑइलपेंटचा डबा आणि कुंचला घेऊन जमिनीवर बसले होते. सातही झाकणं काढून भिंतीला लावलेली. नंबर घालत होते. या वेळी झाकणांवर नाही. आत, सांगाड्यावर.